सायमलला बसायचंय? आधी काळ्याच्या दहा चाली पक्क्या करा

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापुरात जगज्जेता झाला. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून सोलापुरात चारचौघांत बुद्धिबळाचा पट मांडला की दोन प्रश्न हमखास येतात. एक पालकांचा: "ग्रँडमास्टर येणार आहेत म्हणे, एकटेच पंचवीस जणांशी खेळणार. आमच्या पोराला बसवावं का?" दुसरा, नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी दोन डाव टाकणाऱ्यांचा: "ओपनिंग शिकायचं तर कुठून सुरू करू? यूट्यूब उघडलं की डोकं गरगरायलंय."

दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. सायमलला, म्हणजे एका खेळाडूने एकाच वेळी अनेकांशी खेळायच्या अशा सामन्याला, नाव द्या, आणि त्या तारखेपर्यंत फक्त काळ्याकडून खेळायला शिका. सायमलमध्ये पाहुणा खेळाडू बहुतेक वेळा सगळ्या पटांवर पांढरे मोहरे घेतो. म्हणजे तुमचा रंग आधीच ठरला, आणि अभ्यासाचा निम्मा पसारा बसल्या जागी कमी झाला. हाताशी महिनाभर असेल तर एवढं आरामात होतं.

सायमलमध्ये होतं काय

टेबलं चौकोनात किंवा नालेच्या आकारात लावतात. आपण बाहेरच्या बाजूला बसायचं, मास्टर आतून फिरतो. सहसा घड्याळ नसतं. तो तुमच्या पटासमोर येऊन थांबला की त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही चाल करायची, तो उत्तर देऊन पुढच्या पटाकडे जाणार, आणि पुन्हा येईपर्यंतचा वेळ तुमचा.

हा वेळ किती, याचा हिशेब आधीच करून ठेवा. २५ पट आहेत आणि मास्टर प्रत्येकापाशी सरासरी २० सेकंद थांबतो असं धरलं, तर एक फेरी ५०० सेकंदांची, म्हणजे आठ मिनिटांहून थोडी जास्त. पहिल्या दहा चालींना एवढा वेळ म्हणजे चैन आहे. पण लोक हरत जातात, पट कमी होतात, आणि शेवटी पाचच जण उरले की तोच माणूस शंभर सेकंदांत परत तुमच्यासमोर उभा. डाव सगळ्यात अवघड होतो नेमका तेव्हाच. त्यामुळे सुरुवातीच्या चाली पाठ असणं सायमलमध्ये फारसं कामाला येत नाही, कारण तिथे वेळ भरपूर असतो. त्या चाली का खेळल्या हे माहीत असलं तर मात्र शेवटच्या घाईत हात चुकीच्या मोहऱ्याकडे जात नाही.

काही ठिकाणी 'पास' म्हणण्याची मुभा असते. मास्टर आला आणि तुमचा विचार झाला नसेल, तर एक फेरी सोडता येते. किती पास मिळणार हे सुरुवातीलाच विचारून घ्या आणि ते शेवटासाठी राखून ठेवा. चौथ्या चालीला पास म्हणणारी मुलं दर सायमलला दिसतात. विसाव्या चालीला तीच मुलं इकडेतिकडे बघत बसतात.

जिंकण्याच्या आशेबद्दल थोडे आकडे देतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका १९२२ मध्ये क्लीव्हलंडला १०३ जणांशी एकदम खेळला. १०२ डाव जिंकला, एक बरोबरीत सुटला. नायडॉर्फने १९४७ मध्ये साओ पावलोत पट न बघता ४५ डाव खेळले, त्यातले फक्त दोन हरला. इराणच्या एहसान घाएम मघामीने २०११ मध्ये तेहरानला ६०४ पट घेतले: ५८० विजय, १६ बरोबऱ्या, ८ पराभव. त्या आठांत आपण असू असं धरून बसू नका. सगळे मोहरे बाहेर काढून, कॅसलिंग (राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो) करून, बरोबरीच्या स्थितीत पंधराव्या चालीपर्यंत पोचणं एवढं ध्येय ठेवा. पहिल्या सायमलला ते साधलं तर बाजी मारली म्हणायला हरकत नाही.

आधी घरचे नियम बाजूला ठेवा

आपल्याकडे बुद्धिबळ आजोबांकडून येतं, आणि आजोबांचे नियम आजोबांचेच असतात. पहिल्या चालीला दोन प्यादी एक-एक घर सरकवायची; राजाने एकदा घोड्याची उडी मारायची; प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्या स्तंभावर मुळात जो मोहरा होता तोच मिळायचा. हे जुने देशी नियम आहेत, त्यांची गंमतही आहे. पण सायमलमध्ये आणि स्पर्धेत त्यातलं काहीच चालत नाही. प्यादं पहिल्या चालीला एक किंवा दोन घरं जातं, आणि शेवटच्या पट्टीत पोचलं की वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी तुम्ही मागाल ते मिळतं. पहिला वजीर पटावर असताना दुसराही घेता येतो.

'एन पासां'वर बऱ्याच जणांचं भांडण होतं. समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून तुमच्या प्याद्याच्या शेजारी येऊन बसलं, तर ते एकच घर पुढे आलं असं समजून तुम्हाला मारता येतं. मात्र लगेचच्या चालीला, नंतर नाही.

कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावायचा, मग हत्तीला, आणि दोन्ही चाली एकाच हाताने करायच्या. राजाला शह असेल, तो शहातून जात असेल किंवा शहात पडत असेल, तर कॅसलिंग होत नाही. हत्तीवर मारा असेल तर चालतं. हे शेवटचं अनेकांना खरं वाटत नाही.

आणि हात लावला की खेळ. मोहरा नुसता सरळ करायचा असेल तर आधी तोंडाने तसं सांगा, मग हात लावा.

सामानात फार काही लागत नाही. गुंडाळता येणारा पट, घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर, राजाची उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर. स्पर्धांत याच मापाचं असतं. शोकेसमधला काचेचा किंवा संगमरवरी पट शोकेसमध्येच राहू द्या. त्यावर सराव केला तर खऱ्या पटावर नजर बसायला वेळ जातो.

चाली लिहायला शिका. स्तंभांना ए ते एच, पट्ट्यांना १ ते ८; पांढऱ्याचा राजा ई१ वर, काळ्याचा ई८ वर. मोहरा आणि तो ज्या घरात गेला त्याचं नाव लिहायचं; नुसतं घराचं नाव असलं की ती प्याद्याची चाल. एका टेबलावर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे तिघे बसतात अशा आपल्या गावात डावावर नंतर बोलायचं, तर ही लिपी सगळ्यांत सोयीची.

बिल गेट्स नऊ चालींत कसा हरला

ओपनिंगची तत्त्वं कुठल्याही शिबिरात पहिल्या दिवशी सांगतात: मधली चार घरं ताब्यात घ्या, घोडे-उंट बाहेर काढा, राजा सुरक्षित करा, एकच मोहरा पुन्हापुन्हा हलवू नका, वजीर लवकर फिरायला काढू नका. मुलं माना डोलावतात आणि दुसऱ्या मिनिटाला वजीर एच५ ला नेतात. म्हणून मी तत्त्वं न सांगता हा एक डाव पटावर मांडतो.

जानेवारी २०१४ मध्ये नॉर्वेच्या टीव्हीवर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन आणि बिल गेट्स यांचा प्रदर्शनी डाव झाला. गेट्सला दोन मिनिटं, कार्लसनला अर्धं मिनिट. ७९ सेकंदांत खेळ खलास. गेट्सकडे पांढरे मोहरे होते:

१. ई४ घोडा सी६ २. घोडा एफ३ डी५ ३. उंट डी३ घोडा एफ६ ४. प्याद्याने डी५ मारलं, वजिराने परत मारलं ५. घोडा सी३ वजीर एच५ ६. कॅसलिंग, उंट जी४ ७. एच३ घोडा ई५ ८. प्याद्याने जी४ चा उंट मारला, घोड्याने जी४ चं प्यादं मारलं ९. घोड्याने ई५ चा घोडा मारला, वजीर एच२, मात.

आता तिसऱ्या चालीवर थांबा. उंट डी३ ला आला आणि स्वतःच्याच डी प्याद्यासमोर बसला. ते प्यादं हलेना, म्हणून मागचा सी१ चा उंट अडकला, आणि त्या उंटामागे ए१ चा हत्तीही. पुढच्या सहा चालींत ही बाजू पटावर असून नसल्यासारखीच होती. आपल्याकडे नव्या खेळाडूंच्या वहीत हीच चाल किती वेळा सापडते बघा; उंट बाहेर काढला याचं समाधान, आणि त्याच उंटाने दार बंद केलं याचा पत्ता नाही.

नववी चालही बघण्यासारखी आहे. कार्लसनने आठव्या चालीला एक उंट दिलाच होता, आता ई५ चा घोडाही मारायला समोर ठेवलेला. गेट्सने तो एफ३ च्या घोड्याने उचलला. पण एच२ चं घर राखणारा तोच एक घोडा होता. मास्टर फुकट काही ठेवतो तेव्हा मारण्याआधी विचारायचं: मारायला जाणारा माझा मोहरा आत्ता कशाची राखण करतोय? सायमलला बसणाऱ्याने दुसरं काही लक्षात नाही ठेवलं तरी चालेल, हे ठेवावं.

कार्लसनने स्वतःचा वजीर पाचव्या चालीलाच एच५ ला नेला होता, हे चलाख मुलं लगेच दाखवून देतात. दोन मिनिटं घेऊन बसलेल्या नवख्याला घाई करायची होती, म्हणून त्याने तसं केलं. तुम्ही मास्टरविरुद्ध तसं केलंत तर तो वजिराला हुसकत-हुसकत आपले सगळे मोहरे बाहेर काढील.

त्याने ई४ केलं तर

तुम्ही ई५ खेळा. सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान हे सगळे चांगले बचाव आहेत, पण महिनाभराची तयारी असलेल्याने ई५ सोडून जाऊ नये असं माझं मत आहे. त्यात प्रत्येक चालीचं कारण डोळ्यांना दिसतं.

पुढे घोडा एफ३, घोडा सी६. तुमच्या ई५ च्या प्याद्यावर मारा आला, तुम्ही ते राखलं. तिसऱ्या चालीला पांढरा बहुधा दोनपैकी एक वाट धरतो.

*उंट सी४, म्हणजे इटालियन.* तुम्ही उंट सी५ करा. शाळकरी मुलांना इथे घोडा एफ६ आवडतो, कारण पटकन घोडा बाहेर येतो. पण मग पांढरा घोडा जी५ ला उडी मारून एफ७ वर दोन मोहऱ्यांनी मारा करतो. तुम्ही डी५ करता, आणि पांढऱ्याने डी५ वर मारल्यावर घोड्याने परत मारायचं की घोडा ए५ ला न्यायचा, हे नेमकं माहीत नसलं तर डाव हातचा जातो. उंट सी५ केलं की हा प्रश्नच मिटतो: घोडा जी५ ला आला तर तुमचा डी८ चा वजीर तो सरळ खाऊन टाकतो. वजिराच्या तिरक्या रेषेत तुमचा स्वतःचा घोडा आड येत नाही, एवढाच फरक. पटावर दोन्ही स्थिती मांडून ती रेषा बोटाने काढून बघा.

त्यानंतर पांढरा सी३ करेल. हेतू उघड आहे, डी४ करून मधोमध दोन प्यादी उभी करायची. तुम्ही घोडा एफ६ करून त्याच्या ई४ वर मारा ठेवा. तो शांतपणे डी३ खेळला तर तुम्ही डी६, कॅसलिंग, आणि जमेल तेव्हा ए६. म्हणजे बी४ करून उंट हुसकला तर त्याला ए७ ला बसायला जागा राहते. डाव समान.

त्याने लगेच डी४ केलं तर ई५ च्या प्याद्याने मारा. मग दोन गोष्टी होऊ शकतात. तो सी प्याद्याने परत मारतो: तुमच्या सी५ च्या उंटावर प्यादं आलं. हात आपोआप उंट बी६ ला नेतो. तिथेच बरीच जणं फसतात, कारण मग त्याची डी आणि ई प्यादी तुमच्या घोड्यांना पटभर पळवतात. उंट बी४ ला न्या, शह देत. शहाला उत्तर द्यावंच लागतं, तो उंट डी२ ला मध्ये घालतो, तुम्ही उंटाने उंट मारता, तो घोड्याने मारतो, आणि आता तुमची डी५! मधली त्याची जोडगोळी फुटली. (त्याने शहाला सी३ ला घोडा मध्ये घातला तर तो प्याद्याची किंमत देऊन हल्ला मागतोय. ते प्रकरण वेगळं, घरी निवांत बघा.) दुसरी शक्यता, तो परत न मारता ई५ पुढे ढकलतो, तुमच्या घोड्यावर. घोडा पळवू नका. डी५ करा, त्याच्या सी४ च्या उंटावर उलटा मारा. शहाला काटशह देतात तसा हा प्रकार आहे, आणि ई४-ई५ च्या डावांत काळ्याची अर्धी विद्या या डी५ मध्येच आहे.

*उंट बी५, म्हणजे स्पॅनिश.* सोळाव्या शतकातल्या रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्रीच्या नावाने ओळखली जाणारी ओपनिंग. तुम्ही ए६ करून उंटाला विचारा, काय करतोस? इथे एक भीती सगळ्यांना वाटते: तो घोडा मारेल, मी परत मारीन, आणि ई५ चं प्यादं राखणारा घोडा गेल्यामुळे तो ते फुकट खाईल. खाऊ द्या. सी६ वर डी प्याद्याने परत मारा. त्याने घोड्याने ई५ खाल्लं की वजीर डी४ ला आणा. एकाच चालीत त्याच्या घोड्यावरही मारा आणि ई४ च्या प्याद्यावरही. दोन्ही राखता येत नाहीत, तुमचं प्यादं परत. 'सी६ वर बी प्याद्याने का नाही?' याचं उत्तर यातच आहे: डी स्तंभ उघडला म्हणूनच वजीर बाहेर आला.

तो उंट ए४ ला मागे गेला तर घोडा एफ६, त्याचं कॅसलिंग, तुमचा उंट ई७, त्याचा हत्ती ई१. आता मात्र भीती खरी आहे. ई४ हत्तीने राखलं गेलं, त्यामुळे वजीर डी४ ची युक्ती पुरत नाही. म्हणून इथे बी५ करून उंट बी३ ला घालवा, मग डी६ आणि कॅसलिंग. चौथ्या चालीला जी धमकी पोकळ होती ती सहाव्या चालीला भरीव कशी झाली, हे समजलं की स्पॅनिशच्या पुढच्या पाच-दहा चाली पाठ करायची गरज उरत नाही.

त्याने डी४ केलं तर

डी५. मग सी४ आलं की ई६. सी४ चं प्यादं फुकट दिसतं, मारावंसं वाटतं. मारायला हरकत नाही, पण राखायला जाऊ नका. मारल्यावर पांढरा ई३ करतो. तुम्ही बी५ ने राखलंत, तो ए४. तुम्ही सी६, तो बी५ वर मारतो, तुम्ही सी प्याद्याने परत मारता, आणि तो वजीर एफ३ ला आणतो. एफ३ पासून ए८ पर्यंतची तिरकी रेषा मोकळी, टोकाला तुमचा हत्ती. काहीतरी जातंच. एका प्याद्यापायी एक मोहरा.

त्यापेक्षा ई६, घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, बी८ चा घोडा डी७. दगडी बांधकाम. सी८ चा उंट थोडा कोंडतो, त्याला बी६ करून बी७ ला काढायचा, आणि योग्य वेळी सी५ करून मध्यभागावर धक्का द्यायचा. हल्ली बरेच जण दुसऱ्या चालीलाच उंट एफ४ करून लंडन नावाची मांडणी खेळतात. त्याला घोडा एफ६, सी५, घोडा सी६, ई६ आणि मग उंट डी६ करून त्याच्या लाडक्या उंटाची अदलाबदल मागा.

त्याने सी४ किंवा घोडा एफ३ ने सुरुवात केली तरी घाबरायचं काम नाही. घोडा एफ६, ई६, डी५, उंट ई७, कॅसलिंग. तीच मांडणी.

शाळेतल्या सापळ्यांबद्दल दोन शब्द

चार चालींची मात (ई४, उंट सी४, वजीर एच५, वजीर एफ७) ग्रँडमास्टर तुमच्यावर लावणार नाही, पण शेजारच्या गल्लीतला पोरगा लावेल. तुमचं ई५ चं प्यादं सी६ च्या घोड्याने राखलेलं असेल, तर वजीर एच५ ला आला की जी६ करा. तो एफ३ ला जाऊन पुन्हा तीच धमकी देईल, तेव्हा घोडा एफ६. संपलं. त्याचा वजीर आता स्वतःच्या घोड्याची जागा अडवून बसलाय. स्वतः मात्र हे सापळे लावायची सवय करू नका. समोरचा चुकला तरच त्या चाली चांगल्या, आणि तो चुकला नाही तर तुमची मांडणी मोडलेली.

महिन्याचा बेत

पहिला आठवडा नियम आणि चाली लिहिणं. दुसरा ई४, तिसरा डी४. चौथ्यात नवीन काही नाही, फक्त खेळणं. लीचेस हे ॲप फुकट आहे, त्यावर पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव खेळा. एक-एक मिनिटाच्या डावांनी हात चालतो, डोकं चालत नाही. रोज दहा-पंधरा कोडी सोडवा. आणि आठवड्यातून एकदा तरी खऱ्या पटावर कुणाशी तरी बसा. मोबाईलवर वरून दिसणारा पट आणि समोर बसून तिरका दिसणारा पट यांत फरक पडतो. लांबून येणारे उंट समोरून दिसत नाहीत.

प्रत्यक्ष त्या दिवशी

एप्रिल-मे असेल तर पारा चाळिशीच्या वर असतो आणि हॉलमधले पंखे चालींचे कागद उडवतात. पाण्याची बाटली, पेन, कागदाला मागे पुठ्ठा. जेवून जा, पण शेंगाचटणीचे तेलकट हात घेऊन पटाला बसू नका, मोहरे सगळ्यांचे असतात.

मास्टर येण्याआधी चाल करून ठेवायची नाही. तुमच्या दिशेने येताना तो दोन पट अलीकडे असतो तेव्हा शेवटचं एकदा बघून घ्या: माझं काय फुकट आहे, त्याची धमकी काय? तो समोर आला की चाल करा, हात काढा. मोहरा हवेत धरून 'इथे की तिथे' करत राहिलात तर तो काही बोलणार नाही, पण उरलेले चोवीस जण ताटकळतात.

मागे उभे राहिलेले काका आणि दादा हा आपल्याकडचा खास त्रास. "कुठं बघायलास बे, हत्ती घे की!" हे कानावर पडणारच. आयोजकांनी दोरी बांधली तर उत्तम. नसेल तर नम्रपणे सांगा, "काका, डाव झाल्यावर बोलू." मोबाईल पिशवीत, बंद करून. २०२१ मध्ये विश्वनाथन आनंदच्या मदतनिधीसाठीच्या ऑनलाइन सायमलमध्ये एका बड्या उद्योजकाने कॉम्प्युटरची मदत घेतली आणि नंतर ते कबूल करावं लागलं. त्याचा जेवढा बोभाटा झाला तेवढा एखादा डाव जिंकल्याचा झाला नसता.

खेळण्याबद्दल एकच सल्ला. बरोबरी मिळवायची म्हणून सगळे मोहरे भराभर मारत सुटू नका. थोडे मोहरे उरलेला डाव हे मास्टरचं घरचं मैदान. तिथे तो न थकता, फारसा विचार न करता जिंकतो. पटावर गुंता असेल तर त्याला तुमच्यापाशी थांबावं लागतं. याचा इतरांनाही फायदा होतो. मांडलेल्यांत एकदोन तगडे खेळाडू असले की मास्टर त्यांच्यापाशी मिनिट-मिनिट थांबतो आणि बाकीच्यांना विचाराला वेळ मिळतो. म्हणून गावातले मुरलेले खेळाडू 'आम्ही काय लहान पोरांत बसायचं' म्हणून बाजूला राहतात ते मला पटत नाही.

बरोबरीची विनंती एकदाच करा, आणि स्थिती खरंच समान असेल तरच. हरत असाल तर दोन-तीन चाली अजून बघा, मग हात पुढे करून "सर, डाव सोडतो" म्हणा. कागदावर सही मागायची हीच वेळ. आणि विचारायचंच असेल तर "मी कसा खेळलो?" असं विचारू नका. "अकराव्या चालीला मी उंट मागे घेतला, तिथे काय करायला हवं होतं?" असं विचारा. मास्टर लोकांना पट आठवत असतो. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं, कधीकधी मोहरे पुन्हा मांडून.

घरी आल्यावर

इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) लगेच लावू नका. आधी स्वतः डाव पुन्हा खेळा आणि तुमच्या तयारीबाहेरची पहिली चाल कुठली आली, त्या चालीवर खूण करा. तिथे तुम्ही काय विचार केलात ते समासात मराठीत दोन ओळी लिहा. मग इंजिन. ते चूक दाखवेल, पण तुम्हाला ती चाल का सुचली हे त्याला माहीत नसतं. ते तुमच्या दोन ओळींत असतं. पुढच्या महिन्याचा अभ्यास त्या खुणेपासून सुरू करा.

यानंतर स्पर्धा खेळाव्याशा वाटल्या तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची खेळाडू नोंदणी करून घ्या. रेटिंग (खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा) देणाऱ्या स्पर्धांना ती लागते. मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव झाले आणि कामगिरी पुरेशी असली की फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग मिळतं. १ मार्च २०२४ पासून त्याची खालची पातळी १४०० आहे. पहिल्या स्पर्धेत रेटिंग मिळालं नाही तर मनाला लावून घेऊ नका. जिल्ह्यातल्या स्पर्धा, गणेशोत्सवात मंडळांनी घेतलेल्या स्पर्धा, शाळांच्या स्पर्धा आधी खेळा. पुण्याची एक दिवसाची रॅपिड स्पर्धा असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं, फक्त पहिल्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीत बुद्धिबळाची जुनी परंपरा आहे, तिकडे स्पर्धा असली तर जरूर जा. स्पर्धेत घड्याळ असतं, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने ते दाबायचं असतं. निम्म्या फेऱ्यांत तुमच्याकडे पांढरे मोहरेही येतील. तेव्हा ई४, घोडा एफ३, उंट सी४ खेळा. समोरच्याच्या अडचणी तुम्हाला आधीच पाठ असतील.